साथीच्या बातम्या, प्रवासी आणि डोक्याला लागलेला घोर

वाटसरू_नाशिक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी छोट्या ग्रुपच्या सहली काढते, बहुतेक सगळे पन्नाशी-साठीच्या पुढचे. साथीची बातमी आली की बुकिंग कॅन्सल होतात, तो धंद्याचा भाग आहे, त्याबद्दल मला इथे काही बोलायचं नाहीये. मला बोलायचंय ते तरीही जे जातात त्यांच्या डोक्याचं काय होतं त्याबद्दल.

जानेवारी २०२५ चं उदाहरण देते. आम्ही हंपी-बदामी करत होतो, मुक्काम होस्पेटला. ६ जानेवारीला बातमी आली की बंगळुरूत एचएमपीव्हीचे (श्वसनाच्या आजाराचा एक व्हायरस) दोन रुग्ण सापडले. नाश्त्याच्या हॉलमध्ये टीव्ही चालू होता, खाली लाल पट्टी, वर चीनमधल्या हॉस्पिटलची गर्दी, आणि मधेच पीपीई किट घातलेली माणसं, जी सरळ सरळ कोविडच्या वेळची जुनी दृश्यं होती. बाकी कोणी काही बोललं नाही पण दहा मिनिटांत निम्म्या ताटांतलं उप्पीट तसंच राहिलं. मग घरून फोन सुरू झाले. कोणाची मुलगी म्हणे आताच्या आता परत या, कोणाचा जावई म्हणे बंगळुरूला पाय ठेवू नका (परतीचं विमान तिथूनच होतं).

ग्रुपमधले एक काका, अगदी शांत स्वभावाचे, रिटायर्ड शिक्षक, त्यांनी बॅगेतून ऑक्सिमीटर काढला. रात्री साडेअकराला माझ्या खोलीवर आले की मशीन ९१ दाखवतंय. हात बर्फासारखे गार पडलेले. हात चोळून, पंच्यात गुंडाळून, शेकून परत लावलं तर ९७. गार बोटांवर ते मशीन चुकीचं दाखवतं हे त्यांना कोविडमध्येच कळलेलं होतं, तरी त्या क्षणी काही आठवेना. नंतर पूर्ण ट्रिपभर ते दर दोन तासांनी बोट अडकवून बसायचे. विठ्ठल मंदिरासमोरच्या दगडी रथाजवळ सगळे फोटो काढतायत आणि हे एका पायरीवर बसून मशीनकडे बघतायत.

आता बातमीत काय नव्हतं बघा. हा व्हायरस २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, म्हणजे नवा नाही. बंगळुरूची दोन्ही बाळं, एक तीन महिन्यांचं आणि एक आठ महिन्यांचं, कुठेही परदेशात गेलेली नव्हती, आयसीएमआरच्या नेहमीच्या तपासणीत सापडली. चीनमधले आकडे हिवाळ्यात असतात तसेच आहेत असं जागतिक आरोग्य संघटनेने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. हे सगळं आमच्या त्या हॉलमधल्या टीव्हीवर कुठेच दिसलं नाही. त्या दिवशी सेन्सेक्ससुद्धा बाराशेहून जास्त पॉइंट पडला, आणि बाजार का पडला याची कारणं देताना एचएमपीव्हीचं नाव घेतलं गेलं, मग तर काका म्हणाले बघा, शेअरवाले उगाच घाबरतात का.

एवढ्या वर्षांत मला जे दिसलं ते असं की बातमीने रोग एकदा का प्रवासाला चिकटवला की माणूस आजाराला कमी आणि लोकांना जास्त भ्यायला लागतो. "मला झालं तर" यापेक्षा "मी घेऊन आलो असं म्हणतील" ही भीती मोठी. आणि ती घरी आल्यावरही जात नाही. तुमचे अनुभव लिहा प्लीज.

केतकीचं_बन
अगदी अगदी. मार्च २०२० मध्ये माझा भाऊ सिंगापूरहून आला. डाव्या हातावर होम क्वारंटाईनचा शिक्का, ती मतदानाची शाई. तो सगळे नियम पाळत होता, खोलीतून बाहेर नाही, ताट दाराबाहेर ठेवायचो. पण त्याच आठवड्यात पालघरला गरीब रथमधून चार जणांना उतरवल्याची बातमी आली, जर्मनीहून आलेले, हातावर शिक्के, मुंबईहून सुरतला निघालेले. त्यांनी प्रवास करायला नको होता हे खरंच, उतरवलं ते बरोबरच केलं. पण ती बातमी दिवसभर ज्या सुरात चालवली ना, चोर पकडल्यासारखी, त्यानंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की "आपल्याकडेही एक शिक्केवाला आहे". नाव नाही, फ्लॅट नंबर.

भावाला काहीच झालं नाही. चौदा दिवस संपले, शाई पण गेली. पण तो पुढे कितीतरी महिने उन्हाळ्यातही फुल शर्ट घालायचा. आम्ही विचारलं तर म्हणायचा एसी असतो ना. ऑफिसची ट्रिप आली की पोट बिघडायचं. शेवटी समुपदेशकाकडे गेला तेव्हा पहिल्यांदा बोलला की त्याला विमानाची नाही, परत येण्याची भीती वाटते.

निळूभाऊ_कोल्हापूर
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मीडियाने आरडाओरडा केला म्हणून निदान लोक सावध तरी झाले. सरकारं आकडे लपवतात हे काय नवीन आहे का. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गुजरातमध्ये 'संदेश' या गुजराती दैनिकाचे पत्रकार स्मशानात, हॉस्पिटलच्या दारात उभे राहून मृतदेह मोजत होते म्हणून खरं काय ते लोकांना कळलं. उद्या सगळ्यांनी "घाबरवू नका" म्हणून गप्प बसायचं ठरवलं तर फायदा कोणाचा? थोडी भीती बरी असते, भीती नसेल तर आपली माणसं मास्क हनुवटीला लावून फिरतात.

वाटसरू_नाशिक
@निळूभाऊ राग कसला, मुद्दा बरोबरच आहे. पण 'संदेश'वाल्यांनी मोजलं. जागेवर जाऊन, रात्रभर उभं राहून. माझी तक्रार त्या बातमीबद्दल आहे जिच्यात मोजलेलं काहीच नसतं, कुठला जिल्हा, किती लोकांत किती रुग्ण, कसा पसरतो, काही नाही, फक्त "थैमान" आणि बाणांचा नकाशा.

तापीकाठचा
नकाशाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. आमच्या भागातली निम्मी माणसं सुरतला, उधना, लिंबायत, पॉवरलूमवर. सप्टेंबर १९९४ ला प्लेगची बातमी फुटली तेव्हा मी शाळेत होतो, वडील आणि काका तिकडे.

त्याआधी ऑगस्टमध्ये बीडच्या मामला गावात गाठीचा प्लेग निघालेला होता, तो फार कोणाच्या लक्षात आला नव्हता. पण सुरतचा फुफ्फुसाचा, खोकल्यातून पसरणारा. एका रात्रीत शहर रिकामं व्हायला लागलं, काही लाख माणसं पळाली, गाड्यांच्या टपावर बसून. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानातून गायब. वडील सांगायचे, प्रत्येक स्टेशनवर नवा आकडा कळायचा. उधन्याला कोणी म्हणायचं शंभर मेले, नवापूरला तेच पाचशे, नंदुरबारला उतरेपर्यंत हजाराच्या वर. प्रत्यक्षात पूर्ण साथीत देशभरात मिळून पन्नासच्या आसपास लोक गेले. ते कमी आहेत असं नाही म्हणत. पण हजारांच्या गोष्टी ऐकून जी माणसं रात्रभर डब्यात एकमेकांच्या खोकल्याकडे कान लावून बसली त्यांच्यावर काय परिणाम झाला हे कोणी कधी विचारलंच नाही.

गावात घेतलं नाही. पेपरात "सुरतहून येणारे लोंढे" असं छापून आलेलं, म्हणजे आमचे वडील-काका एकदम लोंढा झाले. शेतातल्या खळ्यावर राहिले, आई लांब भाकरी ठेवून यायची. काका त्यानंतर परत सुरतला गेलेच नाहीत. चांगलं चालू असलेलं काम सोडलं. स्टेशनवर गर्दी दिसली की त्यांना घाम फुटायचा, शेवटपर्यंत. त्या वेळी याला कोणी मानसिक त्रास म्हटलं नाही, "भ्याला तो" एवढंच म्हणायचे.

आणि हे फक्त गरिबांचं नव्हतं. आखाती देशांनी भारतातली विमानं बंद केली, परदेशी विमानतळांवर भारतीय पासपोर्ट दिसला की बाजूला काढायचे. आखातात नोकरीला असलेली आमची गाववाली सुट्टीवर आलेली तर इकडेच अडकली.

माडाखाली_गोवा
+१. वाचून गलबलून आलं तापीकाठचा.

बातमीमागे
मी बरीच वर्षं चॅनलच्या डेस्कवर होतो, आता त्या क्षेत्रात नाही. आत काय चालतं ते थोडं सांगतो म्हणजे हे असंच का होतं ते कळेल.

पहिली गोष्ट, प्रवासी हा बातमीसाठी तयार माल असतो. त्याच्याकडे तिकीट आहे, सीट नंबर आहे, हॉटेल आहे, तारीख आहे, मार्ग आहे. नकाशावर बाण काढता येतो. गल्लीतल्या गल्लीत पसरणाऱ्या आजाराला चेहराच नसतो, त्याची ग्राफिक प्लेट काय बनवणार? म्हणून "दुबईहून आला" ही बातमी होते आणि "पाण्याच्या टाकीतून आला" हे तिसऱ्या दिवशी पान पाचवर.

दुसरं म्हणजे दृश्यं. बातमी फुटते तेव्हा स्वतःचं काहीच फुटेज नसतं, लायब्ररीतून काढतात, कोपऱ्यात "फाईल" लिहितात बारीक अक्षरात, कधी तेही राहतं. वाटसरूताईंनी लिहिलेली पीपीई किटवाली दृश्यं तिथूनच येतात. बघणाऱ्याचा मेंदू तारीख वाचत नाही, तो थेट २०२० मध्ये जातो.

आणि सगळ्यात मोठं, पाठपुरावा नसतो. "संशयित" रुग्णाची बातमी ब्रेकिंग असते, "रिपोर्ट निगेटिव्ह" ची नसते. त्यामुळे बघणाऱ्याच्या डोक्यात जमा होत जातं, वजा काहीच होत नाही.

निळूभाऊ, तुमच्याशी सहमत आहे की गप्प बसणं हा उपाय नाही. जिल्ह्याच्या वार्ताहराला दिवसभर फिरून नीट आकडे आणायला वेळ आणि पैसे दिले तर बातमी आपोआप बदलते. पण अनेक ठिकाणी त्याला बातमीमागे पैसे मिळतात, मग तो काय करणार.

डॉ_सह्याद्री
बातमीमागे यांनी लिहिलं त्यात एक वैद्यकीय मुद्दा जोडते, फार महत्त्वाचा आहे. मार्च २०२० च्या सुरुवातीला कोविडची टेस्ट करायचे कोणाची? परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची. ज्यांचा परदेशाशी काही संबंध नाही पण श्वासाचा गंभीर त्रास होऊन ॲडमिट आहेत अशांच्या टेस्ट सगळीकडे करायचं धोरण २० मार्चला आलं. म्हणजे तोपर्यंत सापडणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण "प्रवासी" असणारच होता, कारण आपण शोधतच त्यांच्यात होतो! हे एक वाक्य बातमीत आलं असतं तर कितीतरी घरांचा त्रास वाचला असता.

पुण्यात ९ मार्चला सापडलेले महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण आठवतात ना, दुबईच्या ग्रुप टूरवरून आलेलं जोडपं. त्यांची नावं, फोटो, घरचे पत्ते व्हॉट्सॲपवर फिरले, प्रशासनाला कारवाईची तंबी द्यावी लागली. ते दोघं नायडू हॉस्पिटलमधून २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी बरे होऊन घरी गेले. त्या टूरमधल्या बाकी माणसांचा विचार करा. सहलीला जाऊन आले एवढाच गुन्हा, आणि अख्ख्या राज्यात "तो ग्रुप".

माझ्याकडे येणाऱ्या पेशंटबद्दल सांगते, ओळख न देता. भीतीची लक्षणं आणि तापाच्या साथीची लक्षणं एकमेकांसारखी असतात. छातीत धडधड, श्वास पुरत नाही असं वाटणं, अंगाला कंप, घसा कोरडा, जुलाब. त्यात प्रवास म्हणजे एसी बस, अपुरी झोप, कमी पाणी, म्हणजे घसा खवखवणारच. माणूस बातमी बघतो, अंगात शोधतो, सापडतं, परत बातमी बघतो. हे चक्र चालू झालं की "काही होत नाही" म्हणून थांबत नाही. त्या होस्पेटच्या काकांना मशीन हिसकावून घेऊन उपयोग झाला नसता, पण "सकाळी एकदा आणि रात्री एकदाच बघू, मी बरोबर बसते" असं ठरवून दिलं असतं तर बहुधा कमी झालं असतं.

अभ्यासही आहेत यावर. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की जी माणसं त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त बातम्या बघत होती त्यांचा तीव्र ताण, स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. त्याच गटाने पुढे २०१४ च्या इबोलाचा अभ्यास केला. अमेरिकेत तेव्हा निदान झालेले रुग्ण अवघे चार, पण ज्यांनी इबोलाच्या बातम्या जास्त बघितल्या त्यांची चिंता जास्त. आजार त्यांच्या जवळपासही नव्हता.

दर्यावर्दी
मी क्रूझवर, मूळ मालवणचो. फेब्रुवारी २०२० मध्ये आमची बोट आशियातच होती. डायमंड प्रिन्सेस ही दुसरी क्रूझ कोविडमुळे जपानच्या योकोहामाला अडकवून ठेवली होती, ३७११ माणसं, त्यात १३८ भारतीय, आणि त्यातले १३२ क्रू. आमच्यातल्या कित्येकांचे मित्र होते त्यात. पॅसेंजर केबिनमध्ये बंद आणि क्रू मात्र काम करतोय, जेवण पोचवतोय, एका केबिनमध्ये दोन-दोन जण झोपतोय. शेवटी तिथले ७१२ पॉझिटिव्ह आले.

चॅनलवर रोज आकडा. "आणखी ४४", "आणखी ७०". क्रिकेटचा स्कोअर दाखवतात तसा. घरी आई दिवसभर टीव्हीसमोर, तिला कुठली बोट कुठली ते कळत नाही, सगळी पांढरी जहाजं तिला सारखीच, तिच्या हिशोबाने मी रोज पॉझिटिव्ह व्हायचो. सॅटेलाइट फोन महाग, दोन मिनिटं मिळायची, त्यात ती फक्त रडायची. मला आजाराची भीती त्या फोननंतर वाटायला लागली, आधी नव्हती.

आणि वेस्टरडॅमचं तर अजून वाईट. त्या बोटीवर एकही रुग्ण नव्हता. तरी एका मागोमाग पाच ठिकाणी बंदर नाकारलं, शेवटी कंबोडियाने १३ फेब्रुवारीला सिहानुकव्हिलला घेतली. मग एक वयस्कर अमेरिकन बाई मलेशियात पॉझिटिव्ह आली म्हणून जगभर बोंब, सगळ्या प्रवाशांना शोधत फिरले. पुढच्या तपासणीत ती निगेटिव्ह, बाकी कोणालाही काही नाही. ते किती चॅनलनी दाखवलं? बातमीमागे म्हणतात तेच.

मी घरी आलो तेव्हा वाडीतल्या पोरांनी लांबून विचारलं, बोटीवरचो मा तू? तेवढंच. पण रात्री झोप नाही यायची.

मृण्मयी७
डोंबिवलीची आहे त्यामुळे मला ४ डिसेंबर २०२१ आठवतो. राज्यातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण, केपटाउनहून आलेला, बोटीवर काम करणारा. हलका ताप, बाकी काही नाही, चार दिवसांत डिस्चार्ज. पण त्या चार दिवसांत माझ्या ऑफिसात मला विचारत होते तू डोंबिवलीहून लोकलने येतेस ना?? म्हणजे परदेशात जायचीही गरज नाही, गावाचं नाव पुरतं.

परदेशस्थ_पुणेकर
@मृण्मयी७ ओमिक्रॉनचं मूळही बघा. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी शोधून २४ नोव्हेंबरला जगाला कळवलं, आणि बक्षीस काय, दोन दिवसांत विमानबंदी. नंतर नेदरलँड्सने सांगितलं की त्यांच्याकडच्या १९ आणि २३ तारखेच्या नमुन्यांतही तो होता, म्हणजे आधीच युरोपात पोचलेला होता. मी तेव्हा ॲमस्टरडॅमजवळ राहत होतो. २६ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या दोन विमानांतले सहाशेच्या आसपास लोक तासन् तास विमानात आणि मग विमानतळावर बसवून ठेवले, त्यातले ६१ पॉझिटिव्ह. माझा एक सहकारी होता त्यात, निगेटिव्ह. तो सांगतो, सगळ्यात जास्त लागलं ते फोनवर बातम्या वाचताना खालच्या कमेंट, "त्यांना परत पाठवा". विमानात बसल्या बसल्या, बाहेर पडता येत नाही, पाणी संपलंय, आणि आपल्याचबद्दल लोक हे लिहितायत.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही पण भोगलं होतं. "इंडियन व्हेरिएंट" च्या हेडलाइन आणि खाली कुठल्यातरी भारतीय बाजारपेठेचा फोटो. मुलीने शाळेतून येऊन विचारलं की आपण आजी-आजोबांकडे गेलो तर परत घेतील का आपल्याला. सात वर्षांची होती.

घाटवाट
नगर जिल्ह्यातली गोष्ट इथे यायलाच हवी म्हणून लिहितो. २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजला (तबलिगी जमातच्या केंद्रात) आलेले २९ परदेशी पाहुणे, आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया इथले, पुढे नगर जिल्ह्यात आले होते. त्यांच्यावर टुरिस्ट व्हिसाचे नियम मोडले, रोग पसरवला म्हणून गुन्हे. चॅनलवर काय चाललं होतं ते सगळ्यांना माहितीये, मी परत लिहीत नाही.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले. निकालात स्पष्ट म्हटलंय की छापील आणि इलेक्ट्रॉनिक मीडियात या परदेशी लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, भारतात कोविड त्यांच्यामुळेच पसरला असं चित्र उभं करायचा प्रयत्न झाला, आणि साथ आली की सरकारला कोणीतरी बळीचा बकरा लागतो. व्हिसा घेऊन आलेली, विमानतळावर तपासणी झालेली माणसं. इथली संस्कृती, पाहुणचार, जेवण अनुभवायला आलो होतो असं त्यांनी कोर्टात सांगितलं. हे वाचून मला लाज वाटली, माझ्या जिल्ह्यात आलेला पाहुणा असा अनुभव घेऊन गेला म्हणून.

भाषा येत नाही, घर हजारो मैलांवर, आणि रोज टीव्हीवर आपला चेहरा. त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते कुठल्याच बातमीत आलं नाही.

निळूभाऊ_कोल्हापूर
घाटवाट, हा निकाल मी वाचला नव्हता. आजच वाचतो. सावध करणारी बातमी आणि बोट दाखवणारी बातमी यात फरक आहे हे मान्य. तरी माझा आग्रह एवढाच की बातम्या बघणंच सोडा असा सल्ला कोणी देऊ नये. केरळला निपाह आला तेव्हा माहिती नसती तर?

डॉ_सह्याद्री
@निळूभाऊ निपाहचं उदाहरण उत्तम आहे, दोन्ही बाजूंनी. मे २०१८, कोझिकोड आणि मलप्पुरम, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले १८, त्यातले १६ गेले. आजार भयंकरच, पेरांब्राच्या लिनी सिस्टर पेशंटची सेवा करता करता गेल्या. पण पसरला कुठे? बहुतेक सगळा हॉस्पिटलमध्ये, अगदी जवळून सेवा करणाऱ्यांत. मुन्नार तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथल्या चहाच्या मळ्यात फिरणाऱ्या माणसाला धोका जवळपास शून्य. "केरळमध्ये निपाह" आणि "कोझिकोडच्या काही हॉस्पिटलांत निपाह" या दोन हेडलाइन वाचून झोपायला जाणाऱ्याच्या रात्री वेगळ्या जातात.

बघणं सोडा असं मी कोणालाच सांगत नाही. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सल्ला दिलेला, दिवसातून एक-दोनदा, ठरलेल्या वेळी, खात्रीच्या ठिकाणाहून माहिती घ्या. तेवढं पुरतं.

सई_देशावर
हा धागा बरोबर वेळेला आला. आई-बाबा (६४ आणि ६८) केनियाला चाललेत सफारीला, आयुष्यभराची हौस. आणि आईने कुठेतरी आफ्रिकेतल्या साथीचं वाचलं, तेव्हापासून झोपत नाही, रोज नवी क्लिप पाठवते, बाबा चिडतात, घरात भांडणं. कॅन्सल करू का? काय बोलू तिच्याशी?

वाटसरू_नाशिक
@सई_देशावर आधी आईला एक विचार, कुठला देश? आफ्रिका म्हणजे एक गाव नाही. २०१४ ला इबोला होता गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये, आणि लोकांनी केनिया-टांझानियाच्या सफारी कॅन्सल केल्या. मनरोव्हिया (लायबेरियाची राजधानी) ते नैरोबी पाच हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, माद्रिद त्यापेक्षा जवळ पडतं! पण स्पेनची तिकिटं कोणी त्या भीतीने रद्द केलेली मी तरी ऐकली नाहीत.

मी माझ्या ग्रुपमध्ये आता हे करते. निघायच्या आधी सगळ्यांसमोर बसून आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या साइटवरची साथींची नोंद उघडतो आणि ज्या जिल्ह्यात जायचंय तो शोधतो. आजार कसा पसरतो ते एका ओळीत लिहून देते, डासातून, पाण्यातून, खोकल्यातून, कारण पुण्यात जीबीएस (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) आला तेव्हा (जानेवारी २०२५, सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी) लोक पुणेकर पाहुण्यांना घरात घ्यायला घाबरत होते, आणि जीबीएस माणसाकडून माणसाला होतच नाही, तिथे भानगड पाण्याची होती. सहलीत बातमी बघायचं काम एकाच माणसाचं, रात्रीच्या जेवणानंतर तो सगळ्यांना सांगणार. आणि घरच्यांसाठी रोज एक ठरलेला फोन, म्हणजे मुलं दर तासाला क्लिप पाठवत नाहीत. यात मुलांची भीती पण मोजायला हवी, बऱ्याचदा आई-बाप बरे असतात आणि घाबरवणारा फोन नाशिकहून येतो.

आणि आईशी भांडू नका. ती घाबरलीये, हट्ट करत नाहीये.

सई_देशावर
थँक यू ताई. आजच बसते तिच्याबरोबर. ती म्हणतेय मला काही झालं तर तिकडे अडकून पडेन आणि परत आल्यावर शेजारी काय म्हणतील. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय अगदी तेच, मला वाटलं होतं तिला फक्त आजाराची भीती आहे.

केतकीचं_बन
@सई_देशावर झोप अगदीच उडाली असेल तर टेली-मानसला फोन करा, १४४१६, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. भावाच्या वेळी हे नव्हतं, २०२२ ला सुरू झालं.

डॉ_सह्याद्री
@सई_देशावर आणि क्लिपांच्या गर्दीत खरं काम राहून जाऊ देऊ नका. केनियासाठी पिवळ्या तापाची लस बघा. ती घेतल्याचं सर्टिफिकेट नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात, म्हणजे आई ज्याला घाबरतेय नेमकं तेच. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांना मात्र ही लस सरसकट देत नाहीत, दोघांची औषधं आणि जुने रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांना भेटा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

सई_देशावर
लसीचं एजंटने काहीच सांगितलं नव्हतं! उद्या केंद्रावर फोन करते. बाबांना बीपीची गोळी चालू आहे आणि आईचं थायरॉईड, रिपोर्ट काढून ठेवते. डॉक्टर काय म्हणतात ते इथे कळवते.